भागधारकाचा धीर आणि भागधारकाची जागरूकता
(सातारा-सांगलीच्या उद्योग-इतिहासाच्या निमित्ताने)

सांगलीच्या व्यापाराचा इतिहास हळदीवाचून सांगता येत नाही. कृष्णाकाठी हरिपूरच्या परिसरात जमिनीखाली खोल पेवे खोदून त्यांत हळद साठविण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तेथील मातीच्या गुणामुळे पेवातील हळद वर्षानुवर्षे टिकत असे. याच सांगलीत हळदीच्या वायद्याचाही बाजार भरला. माल पेवात ठेवून योग्य भावाची वाट पाहणारा व्यापारी आणि माल दृष्टीस न पडताही दिवसाच्या भावावर सौदे करणारा सटोडिया, या दोन्ही वृत्ती या पेठेने जवळून पाहिल्या आहेत. कंपनीच्या शेअरकडे पाहण्याच्याही याच दोन वृत्ती आहेत. आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा उद्योग-इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

माळरानावरील कारखाना

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर तयार करण्यास प्रारंभ केला. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते, असा त्या काळच्या शेतकऱ्यांचा समज होता. पहिले सहा नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावातील जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ माळरानाची जमीन दिली आणि अर्थसाहाय्यही केले. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. सांगली जिल्ह्यातील त्या ओसाड माळावर कारखाना आणि वसाहत एकत्रच वाढली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. तिचा तेथील कारखाना शंभर वर्षांनंतरही चालू आहे.

प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने शेअरबाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीचा शेअर बारा महिन्यांहून अधिक काळ धारण केला की तो दीर्घकालीन ठरतो. किर्लोस्करांचे पहिले सहा नांगर खपण्यासच त्याच्या दुप्पट काळ लागला होता! बाळासाहेबांनी वर्षाअखेरीस हिशेब मागून पाठ फिरविली असती, तर किर्लोस्करवाडी उभी राहिली नसती.

विक्रीचा मोह टाळणारे

किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून काही काळ कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काम केले. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांचा नांगरांचा कारखाना उभा करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. मतभेदांमुळे ते त्या उद्योगातून बाहेर पडले व १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेला त्यांनी आयुष्य वाहिले. कूपर कंपनी पुढे वालचंद समूहाकडे आली.

सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांचे नाव आपल्या भागाला परके नाही. सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय १९५५ पासून त्यांच्याच नावाने ओळखले जाते. वालचंदजींनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. त्याच वर्षी ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ हे तिचे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. बलाढ्य परदेशी कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर पाडून तिला जेरीस आणले. कंपनी विकून टाकण्याचे प्रस्तावही आले. विकून मोकळे होणे त्या वेळी सोपे होते, परंतु वालचंदजींनी ते मान्य केले नाही. १९२३ मध्ये जाचक अटींचा दहा वर्षांचा करार पत्करून त्यांनी कंपनी हातात ठेवली. अर्थात, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच कंपनी अडचणीत आली, हेही विसरता कामा नये. थोर संस्थापकाचे नाव म्हणजे कायमची हमी नव्हे.

दोन बँका, दोन शेवट

याची प्रचिती आपल्या भागाला दोन बँकांच्या रूपाने आली. १९१६ मध्ये सांगलीत सांगली बँक आणि १९३६ मध्ये साताऱ्यात युनायटेड वेस्टर्न बँक स्थापन झाली. या बँकांचे शेअर घरात असणे ही येथील व्यापारी व मध्यमवर्गीय कुटुंबांत अभिमानाची गोष्ट होती.

युनायटेड वेस्टर्न बँकेचे भांडवल निकषांपेक्षा कमी पडले. २ सप्टेंबर २००६ रोजी तिच्या व्यवहारांवर स्थगिती आली आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. भागधारकांना प्रत्येक शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले व त्यांचे नाते तेथेच संपले. एप्रिल २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. तिच्या ९२५ शेअरांमागे आयसीआयसीआय बँकेचे १०० शेअर मिळाले, त्यामुळे तेथील भागधारकांचे मालकत्व नव्या रूपात पुढे चालू राहिले. दोन्हीकडील भागधारकांनी वर्षानुवर्षे धीर धरला होता. परंतु धीराचे फळ अखेर कंपनीच्या प्रकृतीवर अवलंबून असते आणि ती प्रकृती ताळेबंदातच वाचावी लागते.

आजचा बाजार

आज मोबाईलवर क्षणार्धात खरेदी-विक्री होते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मात्र डोळे उघडणारा आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरबाजारातील वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. हा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. आपल्या तरुण पिढीने हा आकडा ध्यानी ठेवावा.

याउलट ज्येष्ठांच्या घरी वेगळीच हानी होते. शेअरची प्रमाणपत्रे तिजोरीत ठेवून विसरली जातात. सलग सात वर्षे लाभांश न घेतल्यास ते शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. खऱ्या मालकाला किंवा वारसाला पुराव्यानिशी ते परत मागता येतात, परंतु त्यासाठी मोठा खटाटोप करावा लागतो. १ एप्रिल २०१९ पासून कागदी प्रमाणपत्रांवरून शेअरची विक्री करता येत नाही. म्हणून जुने शेअर डीमॅट करून घेणे, नामनिर्देशन करणे आणि मुलांना त्यांची माहिती देणे हे प्रत्येक कुटुंबप्रमुखाचे कर्तव्य आहे.

२००५ च्या महापुराचे पाणी हरिपूरच्या पेवांत शिरले आणि साठविलेल्या हळदीचे मोठे नुकसान झाले. पेव कितीही भरवशाचे असले तरी नदीकडे लक्ष ठेवावेच लागते. कंपनीचा अहवाल वाचावा, वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारावेत, उद्योग चांगला असेल तर भावाच्या चढउताराने विचलित होऊ नये आणि तो बिघडला असेल तर केवळ जुन्या मायेपोटी त्यात अडकून राहू नये. भागधारक हा कंपनीचा मालक असतो आणि मालकाने धीर व जागरूकता या दोन्ही गोष्टी बाळगाव्यात, हाच सातारा-सांगलीच्या उद्योग-इतिहासाचा बोध आहे.