हळदीचा पिवळा आणि शंभरचा रोल

फोटोग्राफीच्या पुस्तकांत रंगीत निगेटिव्ह फिल्मची निवड विषयावर सोपवलेली असते. माणसांच्या चेहऱ्यांना सौम्य रंगांची फिल्म, निसर्गाला गडद रंगांची, खेळांना आणि रात्रीला वेगवान. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या स्टुडिओंना ही वाटणी लागू पडत नव्हती, कारण त्यांचं पोट ज्या कामावर चालायचं त्या लग्नात हे सगळे विषय एकाच दिवशी आणि बहुतेक वेळा एकाच रोलवर यायचे. सकाळी अंगणातली हळद, दुपारी मांडवातल्या अक्षता, मग पन्नास नातेवाइकांचा ग्रुप फोटो, रात्री वरात. छत्तीस फोटोंचा रोल मध्येच बदलणं परवडणारं नव्हतं. म्हणून या भागातल्या फोटोग्राफरनं विषय पाहून रोल निवडला असं म्हणणं मला पटत नाही. त्यानं दिवसातला सर्वांत अवघड प्रकाश, आपली लॅब आणि गिऱ्हाईकाच्या कातडीचा रंग पाहून रोल घेतला, आणि उरलेले प्रसंग त्या रोलच्या सहनशक्तीवर सोडले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: निवड करायला रोल होते कुठे? दुकानात मिळेल तो घ्यायचा. सुरुवातीच्या काळाबद्दल हे बरोबर आहे. कोडॅकनं कोडाकलर १९४२ मध्ये बाजारात आणला, तरी आपल्याकडे रंगीत रोल दीर्घकाळ महागच राहिला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ मालाचा भर कृष्णधवलवर होता. रंगीत रोल धुवायला पुण्या-मुंबईकडे पाठवावा लागे, आणि ज्यांना ते जमत नसे ते कृष्णधवल फोटोवरच हातानं रंग भरून घेत. पण १९७२ मध्ये सी-४१ ही धुलाईची पद्धत आली आणि पुढं जवळजवळ सगळ्या कंपन्यांनी आपल्या फिल्म तिच्याशी जुळवून घेतल्या. त्यामुळे कोडॅक, फुजी, कोनिका कोणताही रोल एकाच रसायनात धुता येऊ लागला. छोटी स्वयंचलित यंत्रं जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचली तेव्हा निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थानं उभा राहिला, आणि तो यंत्रानंच अधिक अवघड केला.

ते कसं, हे हळदीच्या फोटोवरून कळतं. प्रिंट काढणारं यंत्र एका गृहीतकावर चालायचं. कोडॅकच्या राल्फ इव्हान्सनं मांडलेली आणि १९५१ मध्ये पेटंट मिळालेली ती कल्पना अशी की कोणत्याही सर्वसाधारण दृश्यातले सगळे रंग एकत्र मिसळले तर राखाडीच्या जवळपास येतात. यंत्र निगेटिव्हमधून येणारा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मोजून बेरीज राखाडीवर आणायचं. नवरीच्या अंगावर हळद, करवल्यांच्या हातांना हळद, पाटाभोवती हळद, अशा चौकटीत हे गृहीतक कोसळतं. पिवळा जास्त झाला असं समजून यंत्र तो कमी करतं, आणि त्याची किंमत चेहरे मोजतात: गाल निळसर होतात, हळद मळकट दिसते. लॅबमधला माणूस यलो, मॅजेंटा, सायन आणि डेन्सिटीची बटणं दाबून हे सावरायचा. तो जितका जाणता, तितका अल्बम चांगला. इथं फिल्मचा संबंध दोन बाजूंनी येतो. गडद रंगांच्या फिल्मवर पिवळा आणखी उठतो, म्हणजे यंत्राची चूकही वाढते. शिवाय निगेटिव्हवर दिसणारा नारिंगी थर फिल्मगणिक थोडा वेगळा असतो, म्हणून यंत्रात प्रत्येक फिल्मसाठी वेगळं चॅनेल जुळवावं लागे. ज्या लॅबमध्ये एका कंपनीच्या रोलचं चॅनेल नीट बसवलेलं आहे तिथं दुसऱ्या कंपनीचा रोल देणं म्हणजे धोका. ‘यंत्र सगळं सारखंच करतं, फिल्म कोणतीही चालते’ हा दुसरा आक्षेप इथंच फिरतो: यंत्र सारखं करत होतं, म्हणूनच फिल्म जपून घ्यावी लागत होती.

तिसरा आक्षेप पैशाचा. शंभर वेगाचा रोल स्वस्त, चारशे वेगाचा महाग, म्हणून शंभरचा चालला, त्यात कसलं शहाणपण? पैशाचं गणित होतंच, पण ते एकटं नव्हतं. चारशेच्या फिल्मला शंभरच्या चौपट वेग असतो, आणि तेवढ्याच छिद्रावर फ्लॅशचा पल्ला दुपटीनं वाढतो. म्हणजे मांडवात नवरा-नवरीमागची माणसं काळोखात बुडत नाहीत. हा फायदा सर्वांना ठाऊक होता. तरीही ग्रुप फोटोमुळे पारडं शंभरकडे झुकायचं. भिंतीवर लावायच्या मोठ्या फोटोत मागच्या रांगेतल्या आजोबांचा चेहरा करंगळीच्या नखाएवढा येतो, आणि चारशेच्या फिल्मचे भरड दाणे तो चेहरा खाऊन टाकतात. ज्यांच्याकडे यशिकासारखा १२० रोलचा कॅमेरा होता त्यांनी ग्रुप फोटो त्याच्या बारा मोठ्या चौकटींवर घेतले आणि छोट्या कॅमेऱ्यात वेगवान फिल्म घातली. वरातीचं काम वेगळंच. व्हिडिओवाल्याच्या हॅलोजनखाली उन्हासाठी बनवलेली फिल्म सगळ्यांना नारिंगी करते. तिथं फ्लॅश जोरात मारणं हाच उपाय होता, आणि तोही शंभरच्या रोलवर अपुरा पडे. निगेटिव्ह फिल्मनं स्लाइडवर मात केली ती प्रकाशाच्या अंदाजातली चूक सोसण्यात. प्रकाश दोन घरं (स्टॉप) जास्त झाला तरी निगेटिव्ह सांभाळून घेते, कमी झाला तर मात्र सावल्या पोकळ पडतात. म्हणून ‘थोडा जास्तच द्या’ हा नियम धंद्यात रुजला.

कातडीच्या रंगाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलं आहे. लॅबचे रंग जुळवायला कोडॅक जी नमुना कार्डं पाठवायची, त्यांवर अनेक वर्षं गोऱ्या बाईचा चेहरा असे. कॅनडाच्या लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा इतिहास उलगडला आहे. तपकिरी छटा सुधारण्यासाठी दबाव आला तो चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांकडून, माणसांच्या तक्रारींमुळे नव्हे, असं कोडॅकच्या जुन्या कर्मचाऱ्यांनी त्यांना सांगितलं. माण-खटावच्या उन्हात रापलेला नवरदेव, पांढरा फेटा आणि पांढरा सदरा, एवढं अंतर एका चौकटीत धरायचं तर फिल्मचा काँट्रास्ट कमी हवा. ‘कोडॅक चेहऱ्याला, फुजी हिरवळीला’ हे धंद्यातलं बोलणं त्या गरजेतून आलं. ते पुरतं शास्त्रीय नसेल, पण हजारो चेहरे छापून झाल्यावरचं ते मत आहे.

मग निसर्गाला तरी पुस्तकातली वाटणी लागू पडावी. कासच्या पठारावर तीही डगमगते. निळी-जांभळी फुलं डोळ्यांना दिसतात तशी फिल्मवर उतरत नाहीत, कारण अशी काही फुलं डोळ्यांना न जाणवणारा खोल लाल प्रकाशही परतवतात आणि फिल्मचा लाल थर तो टिपतो. गडद फिल्म घेतली की ही गुलाबी झाक वाढते. म्हसवडच्या रथाला उडणारा गुलाल आणि महाबळेश्वरच्या दऱ्यांवरचा निळा धूसरपणा, दोन्हीकडे हाच अनुभव: रंग विषयाचा असला तरी निर्णय प्रकाशाचा.

या सगळ्याचा पुरावा निगेटिव्हच्या काठावर छापलेला आहे. भोकांच्या पट्टीत कंपनीचं नाव, फिल्मचा वेग, चौकटीचा आकडा आणि १९८३ नंतरच्या बहुतेक रोलांवर पट्ट्यांची खूण असते. कोणत्या स्टुडिओनं कोणती फिल्म वापरली हे एवढ्यावरून सांगता येतं. पण हा पुरावा नाजूक आहे: २००५ आणि २०१९ च्या पुरांत कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं. भिजलेल्या निगेटिव्हचा जिलेटिनचा थर फुगतो आणि पट्ट्या एकमेकींना चिकटतात. जे उरलं आहे ते लोक आता स्कॅन करून घेत आहेत, आणि स्कॅन करताना काठ कापून फक्त चित्र ठेवतात. स्टुडिओवाल्यांनी आणि संग्रहालयांनी काठासकट स्कॅन करावं आणि मूळ पट्ट्या कोरड्या, थंड जागी ठेवाव्यात. रोलची पावती कोणी जपून ठेवली नाही, पण काठावर ती अजून वाचता येते.