हा फोटो कुठल्या फॉर्मला लावायचा?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला मी एक छोटा कॅमेरा नेला होता. माझ्या भाच्याचा, दोन दिवसांसाठी मागून घेतलेला. बटण दाबलं की वरच्या फटीतून एक कागद बाहेर येतो आणि दोन-तीन मिनिटांत त्यावर माणूस उमटतो. स्टुडिओत जायला नको, मोबाइलची चार्जिंग नको.

पहिल्यांदा बटण दाबलं तर नुसता काळा कागद आला. सगळ्या हसल्या. ते पाकिटाचं झाकण असतं, हे मला नंतर कळलं. मग भर उन्हात एक फोटो काढला, त्यात चेहरा पांढराफटक आला. पाकिटात कागद दहाच, त्यातला एक वाया गेला. उरले नऊ आणि आम्ही बाया बारा. मग सहा जणींनी जोडीजोडीने काढले, बाकीच्यांनी एकेक. फोटो पटकन दिसावा म्हणून एक ताई कागद हलवायला लागल्या. तसं करायचं नाही. वाकला-दुमडला तर आतली रसायनं नीट पसरत नाहीत. सावलीत पालथा ठेवायचा आणि वाट बघायची.

गटातल्या सत्तरीच्या आजींनी आपला फोटो हातात घेतला, नीट पाहिला आणि मला विचारलं, "हा कुठल्या फॉर्मला लावायचा, बाई?"

मी म्हटलं, "कुठल्याच नाही, आजी. तुमचाच आहे, तुम्हाला."

हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. आजींचे आजवरचे फोटो आधार कार्ड, मतदार ओळखपत्र आणि बँकेचं पासबुक यांच्यासाठी काढलेले. म्हणून आज याच कॅमेऱ्याचा इतिहास सांगते. या इतिहासातही आजींचाच प्रश्न आहे.

गोष्ट सुरू होते 1943 मध्ये, अमेरिकेतल्या सांता फे गावी. एडविन लँड नावाचे संशोधक सुट्टीत तिथे गेले होते. त्यांची पोलरॉइड नावाची कंपनी 1937 पासून होती. उन्हाच्या चष्म्यात वापरायची, डोळे दिपू न देणारी काच ती बनवायची. लँड यांनी तीन वर्षांच्या लेकीचा फोटो काढला. लेकीने विचारलं, फोटो आत्ताच का नाही दिसत? त्या काळी फिल्म धुवायला द्यायची आणि काही दिवस थांबायचं. हा प्रश्न घेऊन लँड फिरायला निघाले आणि त्या फेरीतच त्यांनी झटपट फोटोची पद्धत मनाशी जुळवली, असं ते सांगत.

पद्धत अशी. कागदाच्या कडेला रसायनाच्या लेपाची छोटी पुडी असते. कागद बाहेर येताना दोन रुळांमधून दाबला जातो. आपण उसाच्या गुऱ्हाळात पाहतो तसंच. पुडी फुटते आणि लेप दोन थरांमध्ये पसरतो. जिथे उजेड पडलेला नाही तिथली चांदी सरकून दुसऱ्या थरावर जाते आणि काळी होते. काळ्या-पांढऱ्या फोटोचं काम एवढंच. फोटो धुण्याची अंधारी खोली त्या पुडीत बसवली, असं म्हणा.

1947 च्या फेब्रुवारीत लँड यांनी न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांसमोर हे करून दाखवलं. 26 नोव्हेंबर 1948 ला बोस्टनच्या एका दुकानात पहिला कॅमेरा विक्रीला आला. किंमत 89 डॉलर 75 सेंट. आणलेले सगळे कॅमेरे त्याच दिवशी संपले.

पुस्तकांत नाव लँड यांचं मोठं. पण मेरो मोर्स हे नावही लक्षात ठेवा. ही बाई महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकलेली होती. 1945 मध्ये ती पोलरॉइडमध्ये आली आणि पुढे काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या संशोधनाची प्रमुख झाली. सुरुवातीचे फोटो तपकिरी येत. 1950 मध्ये खरे काळे-पांढरे आले, तर ते फिके पडू लागले. मग फोटोवर पुसायचा एक लेप शोधला गेला. अशा अडचणी तिच्या प्रयोगशाळेत रात्रंदिवस सुटत. 1969 मध्ये ती वारली.

आता दुसरी बाजू. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा गोऱ्यांचं सरकार होतं. सोळा वर्षांवरच्या काळ्या माणसाला फोटो असलेलं पासबुक सतत जवळ बाळगावं लागे. आपल्या पासबुकात बचत असते. त्या पासबुकात, तुम्ही कुठे राहायचं आणि कुठे काम करायचं, हे लिहिलेलं असे. ते जवळ नसलं तर पोलीस पकडत. बायकांवरही ही सक्ती येणार म्हटल्यावर 9 ऑगस्ट 1956 ला सुमारे वीस हजार बायका प्रिटोरियाला सरकारच्या दारात गेल्या. त्यांच्या चार पुढाऱ्यांपैकी रहिमा मूसा भारतीय वंशाच्या होत्या. सह्यांचे गठ्ठे ठेवून त्या अर्धा तास गप्प उभ्या राहिल्या. सरकारने तरी ऐकलं नाही.

1970 मध्ये पोलरॉइडमधली कॅरोलिन हंटर ही तरुण काळी रसायनतज्ज्ञ आपला सहकारी केन विल्यम्स याच्यासोबत जेवायला निघाली होती. वाटेत फलकावर ओळखपत्राचा एक नमुना दिसला. त्यावर दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचं नाव होतं. शोध घेतल्यावर कळलं, एका मिनिटात दोन रंगीत फोटो देणारा त्यांचाच कॅमेरा तिथे पासबुकांच्या फोटोंसाठी वापरला जातोय. दोघांनी पत्रकं वाटली, सभा घेतल्या, पोलरॉइडचा माल घेऊ नका म्हणून सांगितलं. 1971 मध्ये हंटरला नोकरीवरून काढलं. कंपनी म्हणाली, आम्ही तिथल्या सरकारला विकणं बंद करतो. पण तिथला विक्रेता गुपचूप विकतच राहिला. ते उघड झालं आणि 1977 मध्ये पोलरॉइडला तो देश सोडावा लागला. सात वर्षं लागली. पासचे कायदे 1986 मध्ये गेले. हंटर पुढे शाळेत शिक्षिका झाली.

पोलरॉइडने स्वतःची फिल्म बनवणं 2008 मध्ये थांबवलं. जुन्या कामगारांनी आणि काही हौशी लोकांनी नेदरलँड्समधला एक कारखाना वाचवला. माझ्या भाच्याचा कॅमेरा मात्र जपानच्या फुजीचा, 1998 पासून चालत आलेल्या इन्स्टॅक्स जातीचा.

मैत्रिणींनो, ओळखपत्राचा फोटो वाईट, असं मी म्हणत नाही. त्याच फोटोवर आपण मत देतो, खातं उघडतो, रेशन आणतो. पण गटात कुणी फोटो काढायला आलं, तर तो कशासाठी आणि कुठे जाणार, हे आधी विचारा. मीसुद्धा गटाचे फोटो वर पाठवते. इतकी वर्षं मी हे बायांना सांगितलं नव्हतं. आता रजिस्टरमध्ये लिहून ठेवते आणि बैठकीत वाचून दाखवते.

आजींनी त्यांचा फोटो पानाच्या बटव्यात ठेवला. पुढच्या बैठकीला मी विचारलं, "आहे का अजून?" त्यांनी बटवा उघडून दाखवला. कडेला चुन्याचा डाग पडला होता. आजी म्हणाल्या, "असू दे, माझाच आहे ना."