दुकानात न मिळणारी तलवार

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. आजचा विषय जरा वेगळा आहे: जुन्या काळच्या टेबलावर खेळायच्या फँटसी खेळांत जादूची तलवार, जादूची अंगठी असल्या वस्तू मिळायच्या कशा?

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं एका मित्राच्या घरी जमलो. त्याने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला घेतला, पण १९७४च्या मूळ नियमांनी. मी पडलो मोबाइल गेमवर वाढलेला. पहिल्या गावात शिरल्या शिरल्या विचारलं, “जादूच्या वस्तूंचं दुकान कुठंय?” 

मित्र हसला. “दुकान नाहीये.”

“मग तलवार आणायची कुठून?”

“ज्याच्याकडे आहे त्याच्या गुहेतून.”

इथूनच माझा शोध सुरू झाला.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण जग चालवतो, बाकीचे त्या जगातली एकेक व्यक्ती होतात. सगळं बोलून खेळायचं, आणि जिथे नशिबाचा प्रश्न येईल तिथे फासे टाकायचे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावातून, टीएसआर नावाच्या नवख्या कंपनीने १९७४ मध्ये हा खेळ बाजारात आणला. लेखक दोघं: गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, आणि पहिल्या छपाईत प्रती फक्त १,०००.

त्यातली दुसरी पुस्तिका राक्षस आणि खजिना यांच्यावर आहे. जादूची वस्तू कोणती निघाली हे ठरवायला तिच्यात १ ते १०० चा तक्ता दिलाय. १ ते २० आलं तर तलवार. २१ ते ३५ म्हणजे चिलखत. ४१ ते ६५ असेल तर एखादं जादूचं औषध. म्हणजे तुम्हाला काय हवंय हे कोणी विचारतच नाही. फासा देईल ते घ्यायचं!

पण त्या तक्त्यापर्यंत पोचणंच अवघड होतं. प्रत्येक राक्षसाच्या खजिन्याला एक अक्षर दिलेलं असायचं. ड्रॅगनचं अक्षर ‘एच’. त्याच्याकडे सोनं असण्याची शक्यता ७५ टक्के, आणि असलं तर १०,००० ते ६०,००० नाणी. जादूच्या वस्तू असण्याची शक्यता किती? फक्त १५ टक्के. ड्रॅगनला हरवूनसुद्धा शंभरातल्या ८५ वेळा जादूची एकही वस्तू हाती लागणार नाही. आणि हा खजिना असायचा त्याच्या घरात. तो रस्त्यात भेटला आणि तुम्ही त्याला मारलं, तर खिशात काही सापडणार नाही.

बरं, वस्तू मिळाली तरी ती चांगली आहे हे कशावरून? जुन्या नियमांत तलवारीला बुद्धी असू शकते, अहंकारही असू शकतो. तिचा स्वभाव धारकाच्या स्वभावाशी जुळला नाही तर नुसती उचलल्यावर इजा व्हायची. आणि इच्छाशक्तीच्या झटापटीत तलवार जिंकली, तर माणूस तिच्या ताब्यात. ही कल्पना वाचून मायकेल मूरकॉक यांच्या एल्रिकच्या कथा आठवतात, त्यातली तलवारही अशीच स्वतःच्या मर्जीची. गायगॅक्सने १९७९ मध्ये आपल्या प्रेरणांची जी यादी छापली, तिच्यात मूरकॉकचं नाव आहेच.

शापित वस्तूंची तर गंमतच निराळी. एक पिशवी असते, बाहेरून लहान, आतून प्रचंड. आणि अगदी तशीच दिसणारी दुसरी पिशवी म्हणजे खरं तर दुसऱ्या कुठल्या तरी जगातल्या प्राण्याचं तोंड. ठेवलेलं सामान तो गिळून टाकतो.

मग ओळखायचं कसं? १९७८च्या खेळाडूंच्या पुस्तकात त्यासाठी एक मंत्र आहे. त्याला लागतो किमान १०० सोन्याच्या नाण्यांचा मोती, दारूत भिजवलेलं घुबडाचं पीस, आणि एक छोटा जिवंत मासा, जो अख्खा गिळायचा! हे करून जादूगाराची शारीरिक सहनशक्ती ८ गुणांनी घटते आणि तासाला एक गुण अशी परत येते. शिवाय वस्तू हातात धरावी किंवा अंगावर चढवावी लागते, म्हणजे शाप असेल तर तो तिथेच लागला. एवढं करून पहिल्या पातळीच्या जादूगाराला एखादा गुणधर्म कळण्याची शक्यता २० टक्के.

विकत घेणं नाही, मग बनवता तरी येतं का? येतं, पण त्यासाठी ११व्या पातळीचा जादूगार हवा. जखमा भरणारं औषध बनवायला एक आठवडा आणि २५० नाणी. थंडी फेकणाऱ्या जादूच्या कांडीला सहा महिने आणि १०,००० नाणी. बहुतेक खेळाडूंची व्यक्ती त्या पातळीला पोचायच्या आतच मरायची.

विकणं मात्र चालायचं. १९७९च्या पुस्तकात प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे आहेत. साधी ‘अधिक एक’ तलवार स्वतःकडे ठेवली तर ४०० अनुभव-गुण. विकली तर २,००० नाणी आणि तेवढेच गुण. म्हणजे पुढची पातळी लवकर गाठायची की उद्याच्या लढाईत हातात चांगली तलवार ठेवायची? या एका प्रश्नावर टेबलाभोवती केवढी भांडणं झाली असतील, विचार करा.

आता दुसरी बाजूही ऐका, नाहीतर मी जुन्याचे गोडवे गातोय असं वाटेल. या पद्धतीत अन्याय होता. गार्गॉइलसारख्या काही राक्षसांना साधं शस्त्र लागतच नाही, जादूचंच लागतं. फासा रुसला किंवा खेळ चालवणारा कंजूस निघाला, तर योद्धा बिचारा नुसता उभा. तुमचं नशीब सगळं दुसऱ्याच्या हातात.

२००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा हे बदललं. टीएसआर तोवर विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली होती. आता वस्तूंना बाजारभाव आला: ‘अधिक एक’ लांब तलवार २,३१५ नाणी, आणि किरकोळ जखमा भरणारी कांडी ७५०, तीही ५० वेळा वापरता येणारी. २००८च्या चौथ्या आवृत्तीत जादूच्या वस्तू थेट खेळाडूंच्या पुस्तकात आल्या, आणि खेळाडूने हव्या त्या वस्तूंची यादी करून द्यावी असाही सल्ला होता. खेळ न्याय्य झाला, यात शंका नाही. पण तलवार आता किराणा मालाच्या यादीत गेली. २०१४च्या पाचव्या आवृत्तीने काटा थोडा मागे फिरवला. जादूच्या वस्तू मिळतीलच हे तिने खेळाच्या गणितात धरलं नाही.

मला विचाराल तर न्याय आणि नवल यांचं हे भांडण मिटणारं नाही. विकत घेतलेल्या वस्तूची किंमत लक्षात राहते. सापडलेल्या वस्तूची गोष्ट होते.

आणि हो, माझी गोष्ट राहिलीच. तिसऱ्या रात्री आम्हाला एका थडग्यात तलवार सापडली. मी काही न विचारता उचलली. तिचा स्वभाव माझ्या अगदी उलट. दोन फासे पडले, बेरीज सात. माझ्या योद्ध्याकडे जीव होता सहा.

मी मेलो ना राव! उरलेल्या दोघांनी ती तलवार घोंगडीत गुंडाळली, हात न लावता दोरीने ओढत गावात आणली आणि वाटेत पूर्णवेळ ती कोणाच्या गळ्यात मारायची यावर वाद घातला. मोबाइलवर आजवर मी शेकडो तलवारी घेतल्या असतील. एकीचंही नाव सांगता येणार नाही. हिचं नावही आम्हाला कधी कळलं नाही, पण चौघं भेटलो की विषय निघतो तो तिचाच.

पुढच्या भागात भेटू. तोवर काही सापडलं, तर उचलण्याआधी काठीने हलवून बघा.