फेहरिस्त आणि अमानत : छोट्या वाचनालयाच्या नोंदवहीचा इतिहास

जामखेडच्या एका मोहल्ल्यात काही वर्षांपूर्वी तरुणांनी वाचनालय उघडले होते. दोन लोखंडी कपाटे, लोकांनी दिलेली उर्दू-मराठी पुस्तके आणि असरच्या नमाजनंतर तासभर बसणारा एक उत्साही कार्यकर्ता. कोणते पुस्तक कोठे आहे, कोणी नेले आहे, हे सारे त्याच्या डोक्यात असे. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि वाचनालयही त्याच्याबरोबर गेले. कपाटे जागेवर होती. पण आत काय आणि बाहेर काय, हे सांगणारे कोणी उरले नाही. पुढे कुलूप लागले, मग वाळवी लागली. माझ्या वर्गातल्या मुली नेलेली पुस्तके परत द्यायला गेल्या, तर घ्यायलाही कोणी नव्हते.

वाचनालय बंद पडले की आपण म्हणतो, 'आपल्या समाजाला वाचनाची आवडच नाही.' मला हे पटत नाही. तेथे पुस्तके होती, वाचकही होते. नव्हती ती फक्त एक वही. आणि वही ठेवण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही.

इब्न नदीम हा बगदादचा वर्राक, म्हणजे पुस्तकांच्या नकला करणारा आणि विकणारा माणूस. हिजरी ३७७, म्हणजे इसवी सन ९८७च्या सुमारास त्याने अरबी भाषेत उपलब्ध असलेल्या ग्रंथांची यादी केली. तिचे नाव 'अल-फेहरिस्त'. त्याने तिचे दहा भाग पाडले. धर्मग्रंथ, व्याकरण, इतिहास, काव्य, कलाम व फिकह यांना सहा भाग दिले. तत्त्वज्ञान, कथा-किस्से, इतर धर्म आणि किमया यांना चार. आपल्या पंचतंत्रातून निघालेल्या 'कलीला व दिम्ना'लाही त्यात जागा मिळाली. त्यातले कितीतरी ग्रंथ आज नष्ट झाले आहेत. ते होते हे आपल्याला कळते, ते केवळ या यादीमुळे.

यादीइतकाच देवघेवीचा प्रश्नही जुना आहे. भूगोलकार याकूत अल-हमवी तेराव्या शतकाच्या आरंभी मध्य आशियातील मर्व शहरात राहिला. तेथे दहा कुतुबखाने होते, असे तो सांगतो. त्याच्या घरी एका वेळी दोनशेच्या आसपास ग्रंथ असत आणि बहुतेक तारण न ठेवता मिळालेले असत. मंगोल स्वारीच्या तोंडावर त्याला मर्व सोडावे लागले. पण त्या कुतुबखान्यांची आठवण त्याने आपल्या भूगोलकोशात प्रेमाने लिहून ठेवली. तारण घ्यावे की विश्वास ठेवावा, हा प्रश्न आजही प्रत्येक वाचनालयापुढे असतो. आपण वाचनालयात भरतो ती 'अनामत' म्हणजे मूळची अरबी 'अमानत'च.

मराठी माणसाने ही विद्या गावापर्यंत नेली ती बडोद्यात. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले. गावातील लोकांनी वर्गणी जमवली की उरलेला वाटा पंचायत व सरकार यांनी उचलायचा, अशी रीत पडली. जेथे वाचनालय नव्हते तेथे पंधरा-तीस पुस्तकांची लाकडी पेटी, तिच्या किल्लीसह, सरकारी खर्चाने जाई. पेटीबरोबर नोंद असे, म्हणूनच ती परत येई.

अमेरिकेतच १८९५च्या सुमारास नीना ब्राउन या ग्रंथपाल बाईंनी देवघेवीची एक सोपी पद्धत बसवली. पुस्तकाच्या आतल्या बाजूस कागदी खिसा, त्यात पुस्तकाचे कार्ड. वाचकाकडे त्याच्या नावाची पाकिटासारखी तिकिटे, जितकी पुस्तके नेण्याची मुभा तितकी. पुस्तक देताना त्याचे कार्ड वाचकाच्या तिकिटात सरकवायचे आणि ती जोडी परतीच्या तारखेप्रमाणे पेटीत उभी ठेवायची. पुस्तक आले की जोडी सोडवायची. लिहिणे जवळजवळ नाहीच. बुटांचे रिकामे खोके आणि जुन्या लग्नपत्रिका असल्या, तरी एवढे जमते.

आपल्या देशात या कामाला शास्त्राची बैठक दिली ती एस. आर. रंगनाथन यांनी. १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्यापूर्वी ते गणिताचे शिक्षक होते. १९३१ साली त्यांनी पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हे त्यातले पहिले आणि वाचकाचा वेळ वाचवा, हे चौथे. कुलूपबंद कपाट ही दोन्ही सूत्रे मोडते.

वर्गीकरणाचे मात्र दडपण घेऊ नये. मेल्विल ड्यूईच्या १८७६च्या दशांश पद्धतीत धर्माच्या विभागात २२०पासून २८९पर्यंतची जागा ख्रिस्ती धर्माला आहे. इस्लामला एकटा २९७. उर्दू साहित्य ८९१.४३९वर, मराठी ८९१.४६वर. मोठ्या ग्रंथालयाला हे अंक लागतात. तीनशे पुस्तकांच्या मोहल्ला वाचनालयाला कण्यावरची रंगीत पट्टी पुरते : गोष्टींना हिरवी, विज्ञानाला निळी, चरित्राला पिवळी.

आपली खरी अडचण दोन लिप्यांची आहे. घरात आजोबा उर्दू वाचतात, नातू मराठी. म्हणून दाखल नोंदवही एकच असावी आणि क्रमांकही एकाच ओळीने चालावेत. उर्दू पुस्तकाचे नाव उर्दूत लिहून शेजारी देवनागरीतही लिहावे. म्हणजे मराठी शाळेतला मुलगाही आजोबांसाठी पुस्तक शोधून आणील. दोन वेगळ्या वह्या ठेवल्या की एकाच खोलीत दोन वाचनालये होतात.

महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळते. नोंदी नीट नसतील, तर त्या दारापर्यंतही पोहोचता येत नाही. संगणक आहे त्यांच्यासाठी न्यूझीलंडच्या एका लहान ग्रंथालय संस्थेने २००० साली वापरात आणलेली 'कोहा' ही मोफत प्रणाली आहे. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. पण वहीत शिस्त नसेल, तर संगणकातही गोंधळच भरला जाईल.

हे काम शिकलेल्या ग्रंथपालाशिवाय होईल का? जामखेडने तरी हा प्रश्न विचारू नये. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी येथे आरोग्य प्रकल्प सुरू केला. पुढे अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या बायकाही त्यात आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. मोठ्या विद्येचे छोटे, स्पष्ट टप्पे केले की ती सामान्यांच्या हाती येते. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, २०२१पासून मोहल्ल्या-मोहल्ल्यांत बालवाचनालये उभी राहिली, तीही एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने.

आपल्याकडे पुन्हा कपाट उघडायचे असेल, तर पहिल्या दिवशी उद्घाटनाची फीत नको, वही आणावी. दोन मुलींना ती लिहायला शिकवावी आणि त्या शाळा सोडून जाण्याआधी आणखी दोघींना. पुस्तक वाचकाच्या हातातली अमानत आहे, तशी वही आपल्या हातातली. ती पुढच्याच्या हाती सोपवली, तरच वाचनालय टिकेल.