मालाडचा ‘महाल’

ओसाड वाडा, मध्यरात्रीचा टोला, भिंतीवरील धुळीनें माखलेली तसबीर, आणि कोठून येते हें न समजणारी एखाद्या स्त्रीची तान, एवढी सामग्री जमली कीं कोणत्याहि देशांतील माणसाच्या अंगावर कांटा उभा राहतो. इंग्रजी वाङ्मयांत अशा कथेचा उगम होरेस वॉल्पोल याच्या १७६४ सालच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ या कादंबरींत शोधतात. जुने किल्ले व मठ ज्या गॉथिक धाटणीचे बांधलेले असत, तिच्यावरून या कथाप्रकारासहि गॉथिक हेंच नांव पडलें. मरणानंतरहि न सुटलेलें कांहीं तरी जुन्या वास्तूंत वावरत असतें, हें तिचें मूळ सूत्र होय. आपल्याकडे रात्रीच्या जेवणानंतर सांगितल्या जाणाऱ्या वाड्यांच्या व विहिरींच्या गोष्टींतहि हेंच सूत्र असल्यामुळें ही कथा परकी वाटावी असें कांहीं नव्हतें. तरी हिंदी बोलपटांत तिला खरें घर मिळालें तें १९४९ च्या ऑक्टोबर महिन्यांत. त्या महिन्यांत बॉम्बे टॉकीजचा ‘महाल’ प्रदर्शित झाला. हा महाल अलाहाबादेस नदीकांठीं असल्याचें पडद्यावर सांगितलें असलें, तरी त्याची उभारणी झाली होती ती अंधेरी आणि बोरिवली यांच्या मध्यें, मालाड येथें.

मालाड तेव्हां मुंबई शहराचा भाग नव्हतें. महापालिकेची हद्द पश्चिमेकडे दहिसरपर्यंत व पूर्वेकडे मुलुंडपर्यंत वाढली ती १९५७ सालीं. तत्पूर्वीं तेथें भाताचीं खाचरें, ताडामाडांच्या ओळी, कोळ्यांचीं व ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचीं गांवें, आणि शहरांतील धनिकांचे हवा पालटण्याचे बंगले असत. १९२८ च्या जानेवारींत बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली आणि हा सारा मुलूख शहराच्या आटोक्यांत आला. बोलपटास शांतता लागते, देखाव्यांसाठीं मोकळी जागा लागते, आणि नटांना व कारागिरांना वेळेवर येतां जातां यावें लागतें. या तिन्ही गोष्टी उपनगरांत एकत्र मिळूं लागल्या. १९३४ सालीं हिमांशु राय व देविका राणी यांनीं एफ. ई. दिनशा या पारशी धनिकाच्या मालाड येथील उन्हाळी बंगल्याच्या आवारांत बॉम्बे टॉकीजची स्थापना केली. म्हणजे ज्या संस्थेनें पुढें ओसाड महालाची कथा सांगितली, तिचा स्वतःचा संसारहि एका श्रीमंताच्या जुन्या बंगल्यांतच सुरू झाला होता.

या संस्थेचा पहिला बोलपट ‘जवानी की हवा’ हा १९३५ सालचा. ही आगगाडींत घडणारी खुनाची गूढकथा होती. तिचें संगीत एका पारशी बाईंनीं दिलें. त्यांचें नांव खोर्शेद होमजी. त्यांच्या भगिनी माणेक यांनीं त्यांत कामहि केलें. कुलीन घरांतील मुलींनीं सिनेमांत जावें याचा पारशी समाजांतील कांहीं मंडळींस संताप आला आणि त्यांनीं बोलपटाविरुद्ध चळवळ आरंभिली. तेव्हां हिमांशु राय यांनीं दोघी भगिनींस निराळीं नांवें दिलीं. खोर्शेद या सरस्वती देवी झाल्या व माणेक या चंद्रप्रभा झाल्या. चाली त्याच राहिल्या, कष्टहि तेच राहिले. लोकांसमोर नांव तेवढें दुसरें गेलें. बॉम्बे टॉकीजच्या इतिहासांत ही गोष्ट पुढेंहि वेगवेगळ्या रूपांनीं घडत राहिली, म्हणून ती येथें नमूद केली.

हिमांशु राय यांनीं आपले कित्येक कसबी सहकारी जर्मनीहून आणले होते. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन व छायालेखक योझेफ विर्शिंग हे त्यांतील प्रमुख. म्युनिकमध्यें शिकलेले विर्शिंग १९२५ सालच्या ‘प्रेम संन्यास’ या बुद्धचरित्रपर मूकपटासाठीं प्रथम हिंदुस्थानांत आले होते. त्या काळीं जर्मनींत ‘कॅलिगरी’ व ‘नोस्फेरातु’ यांसारख्या मूकपटांनीं सावली हीच कथेंतील एक पात्र असूं शकते हें दाखवून दिलें होतें. विर्शिंग त्याच पिढीचे. १९३९ सालीं महायुद्ध पेटलें आणि सरकारनें मालाडच्या जर्मन मंडळींस स्थानबद्ध केलें. विर्शिंग यांचीं युद्धकाळांतील वर्षें छावण्यांत गेलीं. १९४० सालीं हिमांशु राय वारले. १९४३ सालीं ‘किस्मत’ या बोलपटानें लोकप्रियतेचा उच्चांक गांठला, पण त्याच वर्षीं शशधर मुखर्जी, अशोककुमार वगैरे मंडळी बाहेर पडलीं आणि त्यांनीं शेजारींच गोरेगांव येथें फिल्मिस्तान काढलें. १९४५ सालीं देविका राणी यांनीं चित्रपटसृष्टीचाच निरोप घेतला. मागें राहिली ती खालावलेली संस्था अशोककुमार व ध्वनिलेखक सावक वाच्छा यांनीं पुनः चालविण्यास घेतली.

हा काळ फाळणीचा होता. त्या दिवसांत सादत हसन मंटो हे उर्दू कथालेखक बॉम्बे टॉकीजमध्यें नोकरीस होते. कमाल अमरोही, नझीर अजमेरी, शाहिद लतीफ, इस्मत चुगताई हीहि मंडळी तेथें काम करीत. मुसलमानांस काढून टाका, नाहीं तर स्टुडिओस आग लावूं, अशा आशयाचीं निनांवी पत्रें वाच्छा यांच्याकडे येत असत, असें मंटो यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. अशोककुमार व वाच्छा यांनीं त्या पत्रांस भीक घातली नाहीं. मंटो स्वतः मात्र १९४८ च्या जानेवारींत मुंबई सोडून लाहोरास गेले. ‘महाल’ची कथा अशा हवेंत उभी राहिली. कथा व दिग्दर्शन कमाल अमरोही यांचें, आणि दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिलाच प्रयत्न. नायक अशोककुमार, नायिका मधुबाला, जिचें जन्मनांव मुमताज. सात वर्षांपूर्वीं याच संस्थेच्या ‘बसंत’ बोलपटांत ती लहान मुलीच्या कामांत चमकली होती. आतां तिला अवघें सतरावें वर्ष चालू होतें. संगीत राजस्थानच्या खेमचंद प्रकाश यांचें. आणि कॅमेऱ्यामागें, छावणींतून सुटून परत आलेले विर्शिंग.

कथेचा सांगाडा थोडक्यांत असा. हरिशंकर नांवाचा तरुण लिलांवांत घेतलेल्या एका पडीक महालांत राहावयास येतो. म्हातारा माळी त्यास सांगतो कीं, ज्यानें हा महाल बांधला तो आपल्या कामिनी नांवाच्या प्रियेस भेटण्यास रोज मध्यरात्रीं येई. एके रात्रीं त्याची नाव बुडाली, आणि तो परत येईल या आशेवर वाट पाहतां पाहतां कामिनीहि थोड्याच दिवसांत मरण पावली. हरिशंकरास भिंतीवर एक तसबीर दिसते, तींतील चेहरा हुबेहूब त्याचाच! मग मध्यरात्रीं गाण्याचे सूर ऐकूं येतात, झोपाळ्यावर कोणी स्त्री बसलेली दिसते, जवळ जावें तों नाहींशी होते. पूर्वजन्मींची ओढ समजून तो तिच्यामागें वेडा होतो आणि आपल्या निरपराध पत्नीच्या जीवनाची राखरांगोळी करितो. अखेरीस न्यायालयांत उलगडा होतो कीं भूत असें कोणी नव्हतेंच. ती त्या माळ्याची मुलगी आशा. लहानपणापासून बापाच्या तोंडून कामिनीची कथा ऐकून ती तींत इतकी गुरफटली कीं, मेलेल्या धनिक स्त्रीचें नांव घेतल्यावांचून माळ्याच्या पोरीकडे कोणी वळून पाहणार नाहीं, हें तिनें जाणलें होतें.

या कथेंत भय उत्पन्न करण्यास राक्षसी मुखवटा नाहीं कीं रक्तपात नाहीं. विर्शिंग यांनीं देखाव्याचा बराचसा भाग काळोखांतच ठेविला. जिन्यावर एखादा कवडसा, झुंबराची हलती सावली, चेहऱ्याचा अर्धाच उजळलेला भाग, एवढ्यावर त्यांनीं काम भागविलें. जें दिसत नाहीं तें प्रेक्षकानें आपल्या मनानें भरून काढावयाचें, आणि मनांतील भीति नेहमींच रंगविलेल्या भुतापेक्षां मोठी असते. हात आंखडून चालणाऱ्या संस्थेस हा उपाय परवडणाराहि होता.

सुरांच्या बाबतींतहि तीच युक्ति योजिली गेली. ‘आयेगा आनेवाला’ या गीताच्या आरंभींच्या ओळी दुरून जवळ येत आहेत असें वाटावयास हवें होतें. तशी सोय करणारीं यंत्रें तेव्हां नव्हतीं. म्हणून मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागीं ठेविला, आणि गायिकेनें कोपऱ्यांतून गात गात एकेक पाऊल टाकीत त्याच्याजवळ यावें, असें ठरलें. नेमक्या जागीं पोंचणें व नेमक्या क्षणीं सूर लावणें हें दोन्ही साधेपर्यंत तो खटाटोप पुनःपुनः करावा लागला, असें त्या गायिकेनें पुढें अनेकदां सांगितलें आहे. ही गायिका म्हणजे वीस वर्षांच्या लता मंगेशकर. वडील मास्टर दीनानाथ १९४२ सालीं वारल्यापासून घरचा भार त्यांच्यावर होता, आणि लोकल गाडीनें त्या मालाड-गोरेगांवच्या स्टुडिओंत जात येत असत. आवाज फार पातळ आहे म्हणून गोरेगांवीं त्यांस नकार मिळाला होता. ज्या गुलाम हैदर यांनीं तो नकार मानला नाहीं, त्यांनीं १९४८ सालीं बॉम्बे टॉकीजच्याच ‘मजबूर’मध्यें त्यांना गावयास लाविलें.

‘महाल’ लोकांनीं उचलून धरला आणि गाण्याची तबकडी घरोघर वाजूं लागली. परंतु तिच्यावर गायिकेचें नांव म्हणून छापलेलें होतें ‘कामिनी’! त्या काळच्या रिवाजाप्रमाणें पडद्यावर ज्या पात्राच्या तोंडीं गाणें असे, त्या पात्राचें नांव तबकडीवर घालीत. म्हणजे आशेनें जसें मेलेल्या कामिनीचें नांव घेतलें, तसें जिवंत गायिकेच्या आवाजासहि तेंच नांव चिकटलें. फरक इतकाच कीं आशेनें तें आपखुषीनें घेतलें होतें, आणि येथें रिवाजानें तें लादलें होतें.

हा रिवाज मोडला तो कोणा अधिकाऱ्यानें नव्हे, तर नभोवाणीच्या श्रोत्यांनीं. गाणें लागलें कीं ही कामिनी कोण, अशी विचारणा करणारीं पत्रें नभोवाणीकडे येऊं लागलीं. अखेर रेकॉर्ड कंपनीकडून खरें नांव मागवून घ्यावें लागलें आणि तें श्रोत्यांस सांगण्यांत आलें. पुढें तबकड्यांवर व पडद्यावरील नामावलींत पार्श्वगायकांचीं नांवें येऊं लागलीं. तरी मान मिळण्यास आणखी दहा वर्षें लागलीं. फिल्मफेअरच्या पारितोषिकांत पार्श्वगायनास स्थान नव्हतें; त्यासाठीं लताबाईंनीं आग्रह धरिला आणि १९५९ सालीं तें पारितोषिक प्रथम देण्यांत आलें. तें त्यांनाच मिळालें, ‘मधुमती’ बोलपटांतील गीतासाठीं. हीहि कथा जुन्या हवेलीची, पूर्वजन्माची आणि रानांतून साद घालणाऱ्या अदृश्य स्त्रीचीच! तिचे दिग्दर्शक बिमल रॉय हे बॉम्बे टॉकीजच्या ‘माँ’ या बोलपटासाठींच कलकत्त्याहून मुंबईस आले होते.

‘महाल’च्या यशानें संस्था मात्र तरली नाहीं. ‘बादबान’ हा शेवटचा बोलपट १९५४ सालीं निघाला आणि मालाडचे दिवे विझले. विर्शिंग मुंबईंतच राहिले. कमाल अमरोही यांच्या ‘पाकीझा’चें छायालेखन करीत असतां १९६७ सालीं त्यांचें निधन झालें, तो बोलपट पडद्यावर आला १९७२ सालीं. सरस्वती देवी तर कधींच्या विस्मृतींत गेल्या होत्या.

आज मालाड पश्चिमेस त्या जागीं लहान लहान कारखान्यांची व गाळ्यांची दाटी आहे, आणि लोक त्या आवारास बॉम्बे टॉकीज कंपाउंड म्हणतात. तेथें काम करणाऱ्यांपैकीं पुष्कळांस तें नांव कशावरून पडलें याचा पत्ता नसतो. १९४९ सालीं आवाज होता पण नांव नव्हतें; आज नांव आहे पण वास्तु नाहीं. ‘महाल’च्या शेवटीं जो उलगडा होतो, त्यापेक्षां निराळें असें इतिहास तरी काय सांगतो? ज्याला लोक भूत म्हणून भ्याले किंवा चमत्कार म्हणून डोलले, त्यामागें कोणी तरी हाडामांसाचें माणूस राबत होतें. त्याचें नांव विचारण्याची तसदी त्या नभोवाणीच्या श्रोत्यांनीं घेतली, म्हणून एका आवाजाचें ऋण तरी फिटलें. काळोखांत दिवा धरणाऱ्यांचें, देखावे उभारणाऱ्यांचें आणि नांव बदलून सूर रचणाऱ्यांचें अद्याप फिटावयाचें आहे.