संगणकाने रचलेला खेळ

'डीप ब्लू' या संगणकाने १९९७ मध्ये बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारॉव्ह याला सामन्यात नमवले. माणसाने निर्माण केलेला खेळ संगणक माणसाहून सरस खेळू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. परंतु माणसाला खेळावासा वाटेल असा नवा खेळ संगणकाला रचता येईल काय, हा प्रश्न याहून अवघड होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ज्या शाखेत त्याचा अभ्यास होतो, तिला 'स्वयंचलित खेळरचना' म्हणतात.

या दिशेने आरंभीचे पाऊल बार्नी पेल या संशोधकाने १९९२ मध्ये टाकले. त्याची 'मेटागेम' ही प्रणाली बुद्धिबळाच्या धर्तीवरील नवनवे खेळ तयार करीत असे. मात्र खेळणाऱ्या संगणकांची कसोटी पाहणे हा तिचा हेतू होता. खेळ रंजक आहे की नाही, याचा निवाडा ती करीत नव्हती.

तो निवाडा करण्याचा प्रयत्न ऑस्ट्रेलियातील कॅमेरॉन ब्राउन यांनी केला. क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठात डॉक्टरेटसाठी संशोधन करताना त्यांनी 'लुडी' ही प्रणाली तयार केली. पटाचा आकार, चालीची पद्धत, जिंकण्याची अट अशा घटकांत प्रत्येक खेळाचे विभाजन करायचे, दोन खेळांतील घटकांचा संकर करायचा, अधूनमधून एखादा नियम बदलायचा आणि उत्क्रांतीप्रमाणे सरस संतती निवडायची, अशी तिची रीत होती.

नियम जुळवणे सोपे असते; खेळ चांगला आहे हे ओळखणे कठीण. त्यासाठी 'लुडी' प्रत्येक नवा खेळ स्वतःशीच वारंवार खेळून पाहत असे. पहिली चाल करणाऱ्याला अवाजवी लाभ मिळतो काय, डाव वारंवार बरोबरीत सुटतात काय, पिछाडीवर पडलेल्या खेळाडूला सावरण्याची संधी उरते काय, निकाल अखेरपर्यंत अनिश्चित राहतो काय, अशा ५७ निकषांवर खेळाचे मोजमाप होई. खऱ्या खेळाडूंची पसंती विचारून यांपैकी कोणते निकष आवडीशी जुळतात, हेही तपासण्यात आले.

२००७ मध्ये या प्रणालीतून 'यावालाथ' हा खेळ निघाला. त्याचे नावही संगणकानेच ठेवले. ६१ षटकोनी घरांच्या पटावर दोन खेळाडू आळीपाळीने आपापल्या रंगाची सोंगटी ठेवतात. सलग चार सोंगट्या लावणारा जिंकतो. मात्र चार होण्यापूर्वी सलग तीन लावणारा हरतो. एवढाच नियम. पण त्यातून एक डावपेच निर्माण होतो. एका ओळीत दोन सोंगट्या, मध्ये एक रिकामे घर आणि पुढे तिसरी सोंगटी अशी मांडणी केली की प्रतिस्पर्ध्याला ते घर अडवावेच लागते. अडवताना त्याच्याच तीन सोंगट्या सलग आल्या, तर तो हरतो. स्पेनमधील नेस्टरगेम्स या प्रकाशनाने २००९ मध्ये हा खेळ बाजारात आणला. संगणकाने रचलेला आणि व्यावसायिकरीत्या प्रकाशित झालेला पहिला खेळ म्हणून तो ओळखला जातो.

पुढे मायकेल कुक यांच्या 'अँजेलिना' या प्रणालीने व्हिडिओ खेळ रचले. तिचा एक खेळ २०१३ मध्ये 'लुडम डेअर' या खेळनिर्मितीच्या स्पर्धेतही उतरला. २०२० मध्ये डीपमाइंडच्या संशोधकांनी माजी जगज्जेता व्लादिमिर क्राम्निक यांच्यासह बुद्धिबळाचे नऊ पर्यायी नियम 'अल्फाझीरो'कडून खेळवून पाहिले. किल्लेकोट वर्ज्य केल्यास डाव कसा बदलतो, हे जाणण्यासाठी पूर्वी माणसांना वर्षानुवर्षे खेळावे लागले असते.

ब्राउन यांनी नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठात २०१८ ते २०२३ या काळात हेच तंत्र भूतकाळाकडे वळवले. उत्खननात पट सापडतात, पण नियम लुप्त झालेले असतात. अशा खेळांचे संभाव्य नियम संगणकाकडून खेळवून कोणते खेळण्याजोगे ठरतात, हे तपासण्यात आले. त्यासाठी उभारलेल्या 'लुडिआय' संग्रहात जगभरच्या हजाराहून अधिक खेळांत भारतातील पचिसीचाही समावेश आहे.

असे असले तरी यंत्र मोजते ते खेळाचे गुणधर्म; आनंद नव्हे. 'लुडी'ने हजाराहून अधिक खेळ तयार केले, त्यांतील मोजकेच खेळण्यायोग्य ठरले. पटाभोवती माणसे पुन्हा बसतील काय, याचे उत्तर अखेर माणसांनीच द्यायचे असते.