निद्रावस्था (मायक्रोकंट्रोलरमधील)

काम नसताना मायक्रोकंट्रोलर आपले घड्याळ व काही अंतर्गत विभाग बंद ठेवून वीज वाचवतो, त्या स्थितीस निद्रावस्था म्हणतात. सीमॉस मंडलात वीज दोन वाटांनी जाते: घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला ट्रान्झिस्टरची उघडमीट होताना, आणि बंद ट्रान्झिस्टरमधून होणाऱ्या गळतीत. घड्याळ थांबले की पहिला खर्च संपतो. गळती रोखायची तर त्या विभागाचा पुरवठाच तोडावा लागतो, आणि मग तिथल्या रॅममधील माहितीही जाते.

प्रकार : आर्दुइनो उनो या बोर्डवरील एटीमेगा328पी चिपमध्ये सहा अवस्था आहेत. ‘आयडल’मध्ये प्रोसेसर थांबतो, टायमर चालू राहतात, ‘पॉवर-डाउन’ सर्वांत गाढ. 1.8 व्होल्ट, 1 मेगाहर्ट्झ व 25 अंश सेल्सिअसला ही चिप जागेपणी 0.2 मिलिअँपिअर, तर पॉवर-डाउनमध्ये 0.1 मायक्रोअँपिअर घेते. ईएसपी32 ही दुसरी चिप ‘डीप स्लीप’ या गाढ झोपेत सुमारे 10 मायक्रोअँपिअर घेते. उत्पादकांचे आकडे वेगवेगळ्या स्थितींतले असल्याने तुलना जपून करावी.

इतिहास : एमएसपी430 हे कमी विजेवर चालणारे मायक्रोकंट्रोलर-कुल 1990च्या दशकातले.

जाग : पिनवरील बदल, टायमर किंवा वॉचडॉग (चिप अडकल्यास तिला पुन्हा सुरू करणारा टायमर) चिपला उठवतो. एटीमेगाचा वॉचडॉग जेमतेम 8 सेकंद मोजतो. जास्त झोपवायचे तर उठून, मोजून, पुन्हा झोपवावे लागते. डीप स्लीपमधून उठलेली ईएसपी32 प्रोग्राम पहिल्यापासून सुरू करते.

वर्धा जिल्ह्यातील उपयोग : बोर अभयारण्याला 2014 मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. ब्रह्मपुरी भागात पकडलेली एक वाघीण जुलै 2017 मध्ये रेडिओ कॉलर लावून येथे सोडण्यात आली. ती शेकडो किलोमीटर फिरली आणि ऑक्टोबरमध्ये याच जिल्ह्यात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेली. अशा प्राण्यांचा माग ठेवणारी जीपीएस कॉलर ठरावीक अंतराने जागी होते, ठिकाण नोंदवते आणि पुन्हा झोपते. नोंदी दाट केल्या की बॅटरी लवकर संपते, आणि ती बदलायची तर जनावराला पुन्हा बेशुद्ध करावे लागते. म्हणून झोपेचा हिशेब कॉलर चढवण्याआधीच पक्का हवा.

हिशेब : दर 10 मिनिटांनी 2 सेकंद जागून 20 मिलिअँपिअर घेणारे आणि झोपेत 5 मायक्रोअँपिअर घेणारे यंत्र सरासरी सुमारे 72 मायक्रोअँपिअर घेते. 2000 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी कागदावर तीन वर्षांहून अधिक पुरते. सतत जागे ठेवल्यास 100 तास. येथे झोपेतला प्रवाह शून्यावर आणूनही फारसा फरक पडत नाही, जागेपणाचे दोन सेकंद कमी केले तर पडतो. तापमानाबरोबर गळती वाढते. वर्ध्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा उन्हात ठेवलेल्या यंत्राच्या डबीसाठी 25 अंशांचे आकडे धरू नयेत.

चिप झोपली तरी बोर्ड झोपतोच असे नाही. उनोवरचा पॉवरचा दिवा, व्होल्टेज रेग्युलेटर व यूएसबीची चिप मिळून कित्येक मिलिअँपिअर घेत राहतात. कुठेही न जोडलेल्या इनपुट पिनाही प्रवाह वाढवतात. त्या पुल-अप रोधकाने बांधाव्यात.